इचलकरंजीत माग घ्यायला निघालात? आधी जॉबर शोधा, मशिनवाला नंतर

नवीन माणूस इचलकरंजीत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "रेपियर कुठं मिळतील?" रेपियर म्हणजे बिनधोट्याचे (शटल नसलेले) वेगवान माग. मिळतात की, ढिगानं मिळतात. चहाच्या टपरीवर नुसतं मोठ्यानं विचारलं तरी अर्ध्या तासात दोन-तीन दलालांचे फोन येतील. मशीन मिळणं ही या गावात कधीच अडचण नव्हती. अडचण अशी की ते मशीन बंद पडल्यावर रात्रपाळीला ते कोण चालू करणार, आणि त्याचा सुटा पार्ट गावात मिळतो का परदेशातून येईपर्यंत माग झाकून ठेवायचा. म्हणून हा लेख उलट्या क्रमानं आहे. आधी कापड, मग वीज, मग जॉबर (माग बसवणारा-दुरुस्त करणारा मेस्त्री), मग स्पेअरचं दुकान आणि सगळ्यात शेवटी मशीन विकणारा. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना यातलं बरंच माहीत असणार, हे बाहेरून येणाऱ्यांसाठी आणि घरचा धंदा नसताना यात पडणाऱ्या पोरांसाठी लिहिलंय.

गाव कसं आहे ते आधी समजून घ्या

इथं पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी सुरू केला, त्या वेळचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला पाठबळ दिलं आणि पुढं हळूहळू घराघरात माग आले. एकच मोठी मिल आणि तिच्याभोवती गाव, असा प्रकार इथं झाला नाही. कोणाचे चार माग, कोणाचे बारा, कोणाचे चोवीस, खाली माग आणि वर राहणं. त्यामुळं काम सगळं वाटलं गेलं. सूत एकाकडं, वार्पिंग-सायझिंग (उभं सूत गुंडाळणं आणि त्याला खळ लावणं) दुसऱ्याकडं, वहिफणी (उभे धागे मागाच्या वही-फणीतून ओवणं) करणारे वेगळे, कांडीवाले (धोट्यातल्या कांडीवर सूत भरणारे) वेगळे, विणणारा वेगळा, घडी आणि मेंडिंगवाले (कापडातले दोष दुरुस्त करणारे) वेगळे, प्रोसेस अजून कोणाकडं. २०२२ साली महानगरपालिका झाली तरी धंद्याची ही वाटणी तशीच आहे.

याचा मशीन शोधण्याशी काय संबंध? खूप आहे. एकतर इथं मोठ्या चकचकीत शोरूम शोधत बसू नका, विकणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच मागवाला असतो किंवा कधीकाळी होता, आणि त्याचं गोडाऊन एखाद्या बंद पडलेल्या शेडमध्ये असतं. दुसरं म्हणजे तुम्हाला सगळी साखळी विकत घ्यायची गरज नाही. बाहेरून आलेली माणसं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वार्पिंग मशीन, सायझिंग, फोल्डिंग सगळं घालतात आणि कर्जाचा आकडा फुगवतात. सायझिंग तर सुरुवातीला अजिबात नको. बॉयलर, स्टार्चचं गणित, पाण्याचा प्रश्न, हा स्वतंत्र धंदा आहे आणि गावात तो जॉबवर करून देणारे भरपूर आहेत. तुमचे पैसे मागात आणि बीमात (उभं सूत गुंडाळायचा रूळ) घाला.

पायरी १ – आधी कापड ठरवा, मशीन आपोआप ठरतं

ही पायरी बोलायला सोपी आणि बहुतेक जण हीच गाळतात. तुम्ही कॅम्ब्रिक विणणार, पॉपलिन विणणार, धोतर विणणार, का शर्टिंग-सूटिंग? काउंट (सुताची जाडी) काय, रीड-पिक (इंचातले उभे-आडवे धागे) काय, पन्हा (कापडाची रुंदी) किती? हे एका कागदावर लिहा. आणि खर्चीवर विणणार, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, का स्वतः सूत घेऊन कापड विकणार, हेही लिहा. नवीन माणसानं खर्चीनं सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण सुताच्या भावाचा झटका मग तुमच्या अंगावर येत नाही. खर्चीवर करायचं असेल तर माग घ्यायच्या आधी त्या व्यापाऱ्यालाच विचारा की तुम्हाला कुठल्या मागावरचं कापड चालतं. काही जण साध्या मागावरचं घेतच नाहीत, काहींना कापडाची किनार धोट्याच्या (शटलच्या) मागाचीच लागते.

ढोबळ हिशेब असा. साधा माग मिनिटाला साधारण १२० ते १६० पिक मारतो, मोटर सुमारे १ एचपीची असते आणि दुरुस्ती गल्लीतला कोणीही करतो. रेपियर जुना-नवा बघून ३०० च्या आसपासपासून ५०० च्या वर जातो, त्याला कांडी लागत नाही, सूत सरळ कोनवरून येतं. एअरजेट (हवेच्या झोतानं आडवं सूत नेणारा माग) त्याच्याही वर, ६०० पासून पुढं, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, ड्रायर लागतो, हवा कोरडी आणि एकसारख्या दाबाची लागते, सायझिंगही चांगलं लागतं आणि विजेचा मोठा भाग त्या कॉम्प्रेसरमध्येच जातो. पहिलाच धंदा असेल तर एअरजेटच्या वाटेला जाऊ नका, कोणी कितीही स्वस्त देऊ दे.

उत्पादनाचं गणित स्वतः करा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. इंचाला ६० पिक असतील तर मशीनचा मिनिटाचा वेग जेवढा तेवढेच इंच कापड तासाला निघतं. म्हणजे ५०० च्या वेगाला तासाला ५०० इंच, सुमारे १२.७ मीटर. पण हे झालं शंभर टक्के चाललं तर. ८५ टक्के धरा, १०.८ मीटरच्या आसपास येतं. साध्या मागावर १४० चा वेग आणि ७५ टक्के धरलं तर हेच अडीच-पावणेतीन मीटर. आता तुमच्या कापडाची मजुरी मीटरला किती हे बाजारात विचारा (मजुरी पिकावर ठरते हे लक्षात ठेवून) आणि मग ठरवा की त्या मशीनचा हप्ता त्यातून निघतो का.

पायरी २ – वीज आणि जागा

शेड भाड्यानं घेताय? मग मीटर कुणाच्या नावावर, मंजूर लोड किती, हे पहिल्या भेटीतच विचारा. यंत्रमागाच्या वीज सवलतीत २७ एचपीची रेघ फार महत्त्वाची आहे, तिच्या आत आणि बाहेर दर वेगळे पडतात, आणि शासनाच्या अटी-नोंदणीचे नियम मधून मधून बदलत असतात. म्हणून मशीनचा करार करायच्या आधी महावितरणच्या ऑफिसला एक चक्कर मारा आणि सध्या काय चालू आहे ते तिथंच विचारा. रेपियर घेतले आणि लोड वाढवून मिळायला वेळ लागला की मशीन प्लॅस्टिकखाली पडून राहतं आणि हप्ता मात्र सुरू.

जागेचं म्हणाल तर जुन्या गावठाणातल्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावर वगैरे रेपियर चढवायचं डोक्यातसुद्धा आणू नका. तारदाळ, खोतवाडी, यड्राव, शहापूर या पट्ट्यात शेड बघा, यड्रावची पार्वती आणि हातकणंगल्याची लक्ष्मी या औद्योगिक वसाहतीही जवळच आहेत. ट्रेलर आणि क्रेन आत येते का, दाराची उंची पुरते का, फ्लोअर किती जाडीचं आहे हे बघा. बारीक वाटतं, पण दार फोडायची वेळ आलेले लोक मी बघितलेत.

पायरी ३ – जॉबर

आता मुद्द्याची गोष्ट. जॉबर म्हणजे माग बसवणारा, सेट करणारा, बिघडला की उघडणारा माणूस. साध्या मागाचे जॉबर गल्लोगल्ली आहेत. रेपियरचे कमी आहेत, आणि रेपियरमध्येसुद्धा प्रत्येकाची कंपनी ठरलेली असते. सुल्झरवर आयुष्य काढलेला मेस्त्री पिकॅनॉलला हात लावेलच असं नाही, आणि लावला तर तुम्हालाच भीती वाटली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणारा तर पूर्ण वेगळा माणूस, तो जॉबर नसतोच, तो एका टेबलावर मीटर आणि सोल्डरिंग घेऊन बसलेला असतो आणि त्याच्याकडं सगळ्या शेडमधले बोर्ड रांगेत पडलेले असतात.

जॉबर शोधायचा कसा? ऑनलाइन सापडणार नाही. तुम्हाला ज्या प्रकारचे माग घ्यायचेत तसे माग चालू असलेल्या शेड शोधा, पाळी बदलायच्या वेळेला जा, बाहेर चहाच्या गाड्यावर थांबा. कामगारांशी बोला, मालकाशी नंतर. "मेस्त्री कोण येतंय तुमच्याकडं?" एवढं विचारलं तरी नाव मिळतं. दोन-तीन वेगळ्या शेडमध्ये तेच नाव आलं की तो तुमचा माणूस. त्याला भेटा आणि सरळ सांगा, मला असे असे माग घ्यायचेत, तुम्ही बघायला याल का, बघायचे पैसे वेगळे देतो. हे पैसे द्याच, फुकट नेऊ नका. फुकट आलेला जॉबर विकणाऱ्याकडून कमिशन घ्यायला मोकळा राहतो. कमिशन हा इथला रिवाज आहे, त्यात चोरून काही नाही, फक्त ते कुणाकडून येतं हे तुम्हाला माहीत पाहिजे.

त्याला तीन प्रश्न विचारा. या गावात या कंपनीचे किती माग चालू असतील? कुठला पार्ट सारखा जातो? आणि तुम्ही स्वतः घेतलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाला तो लगेच उत्तर देत नाही, जरा इकडंतिकडं बघतो. थांबा तेवढा वेळ.

आणखी एक ठिकाण म्हणजे शिकवणाऱ्यांचं. डीकेटीई, म्हणजे दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटी, तिचं टेक्स्टाईल इंजिनियरिंग कॉलेज १९८२ पासून गावात आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली पोरं आजूबाजूच्या युनिटमध्ये विव्हिंग मॅनेजर म्हणून काम करतात. एखाद्या ओळखीनं त्यातल्या कुणाला गाठलं तर कुठल्या मॉडेलचा काय त्रास हे कागदावर लिहून मिळतं. शहरात यंत्रमाग सेवा केंद्र पण आहे, तिथं ट्रेनिंग आणि कापड-सूत तपासणीची सोय असते, नवीन लोक तिकडं फिरकतच नाहीत, ते का मला कळत नाही.

पायरी ४ – स्पेअरच्या दुकानात आधी जा

मशीन बघायच्या आधी हे करा. जॉबरनं सांगितलेले "सारखे जाणारे" पार्ट एका चिठ्ठीवर लिहा. रेपियर असेल तर टेप (ग्रिपर आत-बाहेर नेणारी पट्टी), ग्रिपर (आडवं सूत धरणारा चिमटा), कटर, फीडरचे पार्ट, सेन्सर, एखादा कार्ड. चिठ्ठी घेऊन गावातल्या दोन-तीन मिल स्टोअरवाल्यांकडं जा आणि गिऱ्हाईक म्हणून भाव विचारा. तीन उत्तरं येऊ शकतात. "किती पाहिजे?" म्हणाला तर उत्तम, ते मॉडेल गावात चालतं. "उद्या सुरतेवरून मागवतो" म्हणाला तर ठीक, चालवून घेता येईल. "ते आता येत नाही हो, जुन्या मशिनचं काढून मिळतं का बघतो" म्हणाला की ते मॉडेल यादीतून खोडा, मग ते कितीही स्वस्त असू दे. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं सांगते.

पार्ट ओरिजिनल, लोकल आणि चायना असे तीन भावात मिळतात. सगळंच ओरिजिनल घ्यायची गरज नसते. टेम्पलची (कापड रुंदीत ताणून धरणारा भाग) रिंग किंवा ड्रॉपर (उभा धागा तुटला की माग थांबवणारी पट्टी) लोकल चालतात, पण ग्रिपर आणि टेपमध्ये काटकसर केली तर कापडावर दिसतं. साध्या मागाच्या बिडाच्या पार्टांची चिंता करू नका, कोल्हापूर तीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथल्या फाउंड्र्या नमुना दिला की कास्टिंग काढून देतात, टर्निंग-मशीनिंग पण तिकडं होतं.

पायरी ५ – आता विकणारे

विकणारे साधारण या जातीचे भेटतात.

पहिला, धंदा आवरणारा किंवा माग बदलणारा मागवाला. माझ्या मते नवीन माणसासाठी सगळ्यात चांगला विक्रेता हाच. कारण मशीन त्याच्या शेडमध्ये चालू असतं, त्याच्यावर काय विणलं हे त्याला माहीत असतं, आणि गावात राहायचं असल्यामुळं फार खोटं बोलत नाही. हा जाहिरात देत नाही. हा सापडतो जॉबरकडून, सायझिंगवाल्याकडून आणि सूत व्यापाऱ्याकडून. सायझिंगवाल्याला विशेष माहिती असते, कारण कुणाचे बीम यायचे कमी झाले हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

दुसरा, जुन्या मशीनचा व्यापारी. गोडाऊनमध्ये पिकॅनॉल, सोमेट, व्हॅमॅटेक्स, सुल्झर, डॉर्नियर ओळीनं उभे, सगळ्यांना नवा रंग. युरोप किंवा इतर देशांतल्या मिलमधून काढलेलं मशीन न्हावाशेवा बंदरावर उतरतं आणि तिथून इथं येतं. यातले काही व्यापारी खरंच चांगले आहेत, मशीन बसवून चालू करून देतात. पण गोडाऊनमधलं मशीन बंद असतं, आणि बंद मशीन म्हणजे फोटो बघून केलेलं लग्न. व्यापाऱ्याला सांगा की याच लॉटमधलं तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलेलं चालू मशीन दाखवा. दाखवत नसेल तर नमस्कार करून निघा.

तिसरा, नवीन मशीनच्या कंपन्यांचे एजंट. पिकॅनॉल, इटेमा, टोयोटा, त्सुडाकोमा, डॉर्नियर, शिवाय चायनीज कंपन्या. यांच्याकडं कोटेशन मागायला लाजू नका, तुम्ही जुनं घेणार असलात तरी. कोटेशनमध्ये काय काय येतं ते वाचलं की जुन्या मशीनबरोबर काय काय गायब आहे ते कळतं. चायनीज रेपियरचं असं आहे की नवं मिळतं, स्वस्त पडतं, पण तीच पायरी ४ ची चिठ्ठी तिथंही लावा. सगळ्या कंपन्यांची मशीनं एकाच छताखाली बघायची असतील तर भारतात इंडिया आयटीएमई प्रदर्शन भरतं (२०२२ ला ग्रेटर नोएडात झालं होतं), युरोपात चार वर्षांतून एकदा आयटीएमए असतं, २०२३ ला मिलानला होतं. बघायला जा, विकत घ्यायच्या घाईनं जाऊ नका.

चौथा प्रकार लिलाव. बँकेनं ताब्यात घेतलेली युनिट, बंद पडलेल्या संस्था. नोटिशीत "जसे आहे जेथे आहे" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ अगदी तोच असतो, म्हणजे कॉपरची वायर आणि बोर्ड कुणी आधीच काढून नेले असतील तर ते तुमचं नशीब. पहिल्या वेळी लिलावात पडू नका. भंगारवाले हा पाचवा, त्यांच्याकडं किलोच्या भावानं गेलेले साधे माग असतात, स्पेअरसाठी एखादा घेणं वेगळं, चालवायला म्हणून घेऊ नका.

बाकी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ऑनलाइन जाहिराती. भावाचा अंदाज घ्यायला वापरा. त्यात एकच मशीन तीन दलाल तीन फोटोंनी टाकतात, त्यामुळं दहा मशीन बाजारात आहेत असं वाटतं आणि असतात चार.

पायरी ६ – चालू मागासमोर उभं राहून काय बघायचं

इथं वेळ घालवा. आधी सांगून जाताना वेळ सकाळची मागा आणि सांगा की मशीन आम्ही आल्यावरच सुरू करा. रात्रभर थंड पडलेलं मशीन पहिल्यांदा कसं उठतं ते बघायचंय. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर कव्हरला हात लावला की कळतं.

प्लेट बघा, वर्ष, सिरियल नंबर आणि रीडची रुंदी. १९० सेंटीमीटरच्या मागावर तुमचा पन्हा बसतो का ते तिथंच मोजा. प्लेट नसेल किंवा तिचे रिव्हेट नवीन असतील तर वर्षाच्या गप्पा ऐकू नका. नव्या रंगाखाली बोल्टांची डोकी बघा, झिजलेली डोकी वय सांगतात.

मग मशीन चालू करून दहा-पंधरा मिनिटं काहीच बोलू नका, आवाज ऐका. त्यानंतर स्वतः बंद करायला लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत चालू करा. आता त्या जागेचं कापड पुढं आलं की उजेडाकडं धरून बघा. आडवी पट्टी दिसते का, विरळ किंवा दाट? हा स्टार्टिंग मार्क. थोडा असेल तर सेटिंगनं जातो, पण जॉबरच्या चेहऱ्याकडं बघा, तो सांगेल की सेटिंग आहे का लेट-ऑफ (बीमवरून सूत सोडणारी यंत्रणा) आणि गिअरमध्येच ढिल आहे.

मग सेन्सरची परीक्षा. उभ्या सुताचा एक धागा बोटानं तोडा, मशीन ताबडतोब थांबलं पाहिजे. परत चालू करून फीडरजवळ आडवं सूत कात्रीनं कापा, परत थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर सेन्सर बायपास केलाय, वायर जोडून टाकलीय, म्हणजे मशीन थांबत नाही आणि एफिशियन्सी छान दिसते आणि कापडात मात्र तुटलेले धागे चालूच. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी भेटते आणि विकणाऱ्याला ती कधीकधी स्वतःलाच माहीत नसते, कामगारांनीच केलेली असते.

बंद असताना ग्रिपर बाहेर काढायला सांगा. देणारा आणि घेणारा दोन्ही. चिमट्याच्या तोंडाला घासून चर पडलाय का बघा, टेपच्या भोकांच्या कडा तुटल्यात का, टेप वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात का. मग फणीची हातवळ (फणी धरून पुढं-मागं होणारा भाग) दोन्ही हातांनी पुढं-मागं हलवून बघा, कटकट जाणवली तर बेअरिंग किंवा गिअरचा खर्च धरा. गिअरबॉक्सचं थोडं ऑइल पांढऱ्या कापडावर टाका आणि उन्हात न्या. काळं असेल तर एवढं काही नाही, चमकी दिसली तर भाव कमी करून नाही, घेऊच नका. डॉबी (नक्षीसाठी वह्या वर-खाली करणारी यंत्रणा) असेल तर ती कुणाची आणि तिची दुरुस्ती गावात कोण करतं हे वेगळं विचारा.

इलेक्ट्रिकल पॅनेल उघडायला लावा. कार्डांवर हातानं केलेल्या सोल्डरचे डाग, लोंबकळणाऱ्या वायरी, कापूस भरलेले फॅन. एखादं दुरुस्त कार्ड चालतं, सगळीच तशी असतील तर इलेक्ट्रॉनिकवाल्याला पण एकदा आणून दाखवा.

आणि सगळ्यात शेवटी तुमचा स्वतःचा बीम लावून चालवून बघायची परवानगी मागा. मालकाची क्वालिटी त्याच्या मागावर छान चालणारच, ती त्याची रोजची आहे.

साध्या मागाला एवढं सोवळं नाही. क्रँक शाफ्टची ढिल, शटल बॉक्सची झीज, रेस बोर्ड सरळ आहे का, पिकिंगचा धक्का दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, बस्स. जॉबर दहा मिनिटांत सांगतो.

मशीनबरोबर काय काय येणार हे लिहून घ्या

भाव ठरला की भांडण इथून सुरू होतं. माग म्हणजे नुसता माग नव्हे. बीम किती? एका मागाला निदान दोन तरी हवेत, एक मागावर आणि एक सायझिंगला, नाहीतर बीम बदलताना माग रिकामा उभा. बीमाच्या फ्लँजचा व्यास तुमच्या सायझिंगवाल्याच्या मशीनला चालतो का, हे त्यालाच विचारा. मागाच्या वहीच्या फ्रेम किती, ड्रॉपर भरलेले का रिकामे दांडे, फणी कुठल्या काउंटची, फीडर किती, टूल किट, मॅन्युअल, जास्तीचे कार्ड. हे सगळं नगाप्रमाणं कागदावर, दोघांच्या सहीनं. "सगळं देतो हो मालक, काळजी करू नका" या वाक्यात काहीच लिहिलेलं नसतं.

कागदपत्रं

जीएसटीचं बिल पाहिजेच, त्यावर सिरियल नंबरासकट. अर्धं बिलावर आणि अर्धं रोखीत असा प्रस्ताव येईल, हसून नाही म्हणा, पुढं तुम्हाला विकताना आणि बँकेला दाखवताना तेच अडवतं. दुसऱ्या राज्यातून मशीन आणत असाल तर पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. थेट आयात केलेलं जुनं मशीन असेल तर कस्टमसाठी चार्टर्ड इंजिनियरचं सर्टिफिकेट झालेलं असतं, त्यात वर्ष, स्थिती आणि किंमत असते, त्याची प्रत मागा. व्यापारी जे वर्ष सांगतोय आणि त्यात जे लिहिलंय ते जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात.

बँकेचा बोजा तपासा. ही गोष्ट लोक जमिनीला करतात आणि मशीनला करत नाहीत. मागावर कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आल्याशिवाय मशीन हलवू नका. कंपनी असेल तर तिच्यावरचे चार्ज कंपनी खात्याच्या साइटवर दिसतात, प्रोप्रायटर असेल तर सरळ बँकेचं नाव विचारून शाखेत जा.

स्वतः कर्ज काढणार असाल तर जुन्या मशीनला बँक व्हॅल्युएशन रिपोर्ट मागते आणि मुदत कमी देते. सबसिडीच्या भरवशावर जुनं मशीन घेऊ नका. टफ योजना (यंत्रं आधुनिक करायला मदत देणारी केंद्राची योजना) १९९९ ला आली, तिचं सुधारित रूप २०१६ ला आलं आणि ते मार्च २०२२ ला संपलं, त्यातही पैसे मिळायचे ते नव्या मशीनला. "टफ मधून करून देतो" असं आजही कुणी म्हणत असेल तर त्याला कागद दाखवायला सांगा. राज्याचं २०२३ ते २८ चं वस्त्रोद्योग धोरण आहे, त्यात आपण बसतो का हे सीएला आणि जिल्हा उद्योग केंद्राला विचारा, दलालाला नको.

पैसे आणि मशीन बसवणं

बयाणा थोडा. मोठी रक्कम मशीन गाडीत चढताना, आणि एक हिस्सा, मी तर म्हणेन दहा ते वीस टक्के, मशीन तुमच्या शेडमध्ये तुमच्या सुतावर ठरलेल्या वेगानं चालल्यावर. विकणारा कुरकुर करणार, पण खरा माणूस शेवटी मान्य करतो. सगळे पैसे आधी घेऊन "मेस्त्री पाठवतो" म्हणणाऱ्याचा मेस्त्री कधीच लवकर येत नाही.

काढतानाच तुमचा जॉबर तिथं हजर पाहिजे. काढणारा आणि बसवणारा एकच असला की बोल्ट हरवत नाहीत. वायरींना नंबर चिकटवा, मोबाइलवर प्रत्येक जोडणीचा व्हिडिओ काढा, सुटे पार्ट मागवार वेगळ्या पेटीत. भरताना पाऊस असेल तर पॅनेल आधी प्लॅस्टिकमध्ये, कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर ताडपत्रीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

सगळे माग एकदम बसवू नका. पहिला बसवा, आठवडाभर दोन्ही पाळ्यांत चालवा, कुठलं सेटिंग लागतंय, कुठला पार्ट गेला ते वहीत लिहा, मग पुढचे. आणि पहिल्या महिन्यातच एक छोटं कपाट करा स्पेअरचं: एक जोडी ग्रिपर, एक टेप, कटर, दोन-चार सेन्सर, बेल्ट, फ्यूज, मूठभर ड्रॉपर. रात्री दोन वाजता मिल स्टोअर उघडं नसतं. त्या कपाटाच्या दारावर जॉबर, इलेक्ट्रॉनिकवाला, सायझिंगवाला आणि ज्याच्याकडून माग घेतला तो जुना मालक, या चौघांचे नंबर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, जुन्या मालकाला दिवाळीला मिठाई पाठवा, त्या मशीनची खोड त्याच्याइतकी कुणालाच माहीत नसते.